वाटूर, वारूर आणि भोकरदन : ऐतिहासिक लेख वाचण्याविषयीं कांहीं विचार

१

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, परतूर तालुक्यांत, वाटूर नांवाचें गांव आहे. प्रवाशांस वाटूर फाटा ठाऊक असतो. इतिहासाच्या ग्रंथांत मात्र या गांवाचें नांव शोधून काढावें लागतें. अशा गांवाविषयीं आस्था बाळगणाऱ्यास तें नांव एखाद्या मोठ्या प्रसंगांत सांपडलें तर किती आनंद व्हावा, हें सांगावयास नको. असा आनंद आम्हांस एकदां झाला होता. सन १८०३ च्या असईच्या लढाईचें इंग्रजी वर्णन वाचीत असतां, जनरल वेलस्ली यानें केळणा नदीचा उतार ज्या दोन समोरासमोरच्या गांवांवरून ओळखला म्हणतात, त्यांतील एकाचें नांव रोमन लिपींत ‘वारूर’ असें वाचावें लागतें, हें आमच्या दृष्टीस पडलें. एका अक्षराचा काय तो फरक. परक्यानें ऐकलेलें, परक्या लिपींत उतरलेलें नांव. तेथें ‘ट’ चा ‘र’ होण्यास कितीसा वेळ? आम्हीं टिपणवहींत ‘वारूर म्हणजे वाटूर काय?’ असें लिहून ठेविलें. आणि दोन दिवसांनीं त्यांतील प्रश्नचिन्ह आमच्या मनांतून केव्हां गळून पडलें तें आमचें आम्हांसहि कळलें नाहीं.

नकाशा उघडतांच हा डोलारा कोसळला. असई हें गांव जालन्याच्या उत्तरेस, भोकरदनच्या पूर्वेस, केळणा व जुई या दोन नद्यांच्या बेचक्यांत आहे. वाटूर जालन्याच्या आग्नेयेस आहे. वर्णनांतील वारूर हें पिंपळगांवच्या समोर, केळण्याच्या कांठीं असलें पाहिजे. त्या बाजूस वरूड हें ग्रामनाम आढळतें, आणि ‘ड’ चा ‘र’ करणें ही तर इंग्रजी कानाची नेहमींची खोड. म्हणजे ‘वारूर’ चें ‘वरूड’ होण्यास आधार होता, ‘वाटूर’ होण्यास आमच्या इच्छेपलीकडे कांहींच नव्हतें.

चूक लहान होती व ती छापली गेली नाहीं. परंतु ती कोठून उपजली याचा विचार करतां आम्हांस असें दिसलें कीं, फसविलें तें कागदानें नव्हे. कागदावर जें होतें तें होतेंच. आम्हीं त्यांत आमचें गांव वाचलें. संग्राहक व संशोधक यांच्या हातून होणाऱ्या पुष्कळशा चुका याच जातीच्या असतात. प्रस्तुत लेखांत जालना प्रांतांतील दोन प्रसिद्ध प्रसंगांच्या साक्षी घेऊन, ऐतिहासिक लेख कोणत्या प्रश्नांनीं तपासावा, याचा विचार करण्याचें योजिलें आहे. नवीन साधन येथें प्रसिद्ध करावयाचें नाहीं. जीं साधनें सर्वांस ठाऊक आहेत तींच पुन्हां एकदां वाचावयाचीं आहेत.

२

साधनांकडे चिकित्सक दृष्टीनें पाहण्याची शिकवण महाराष्ट्रास नवी नाहीं. सन १८७८ त काव्येतिहाससंग्रह निघाला, तेव्हां जीर्ण बखरी व पत्रें छापून वांचविणें हेंच मुख्य काम होतें. राजवाड्यांनीं सन १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड काढिला आणि त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कसून झडती घेतली. सन १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. सन १९२८ त वा. सी. बेंद्रे यांचें ‘साधन-चिकित्सा’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. या पन्नास वर्षांत ‘बखरींत आहे म्हणून खरें’ ही श्रद्धा गेली व ‘अस्सल समकालीन कागद दाखवा’ ही मागणी रूढ झाली.

या मागणीचें सर्वांत मोठें फळ म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचा निर्णय. बखरींच्या आधारें शके १५४९, म्हणजे सन १६२७, हें जन्मवर्ष धरलें जात असे. जेधे शकावलीनें शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि दिली, आणि परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा मिळाला. शकावलीची साक्ष भारी ठरली ती केवळ ती जुनी म्हणून नव्हे. शकावली लिहिणारा गोष्ट सांगत नाहीं. तो तिथीपुढें तिथि मांडतो. जन्म दोन वर्षें अलीकडे कीं पलीकडे, यांत जेध्यांचें कांहीं अडलेलें नव्हतें. ज्या विधानांत लिहिणाराचा लाभ नाहीं व हानिहि नाहीं, तें विधान सहसा वांकडें होत नाहीं.

परंतु त्याच जेध्यांच्या दप्तरांत शकावलीच्या जोडीस करीनाहि आहे, हें विसरूं नये. करीना म्हणजे घराण्याची हकीकत. पूर्वजांनीं धन्याची काय चाकरी केली, कोणत्या प्रसंगीं जीव धोक्यांत घातला, तें सांगणारा कागद. तो खोटा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याचें तोंड वतनाकडे असतें. एकाच घरांतले हे दोन कागद एकाच रीतीनें वाचणाऱ्यास दोहोंचाहि अर्थ लागणार नाहीं. म्हणून ‘समकालीन तें खरें’ एवढा नियम पुरेसा होत नाहीं. वतनाच्या भांडणांत बनविलेला खोटा महजरहि समकालीनच असतो.

तेव्हां कोणताहि कागद हातीं आला म्हणजे त्यास तीन प्रश्न विचारावे असें आम्हांस वाटतें. लिहिणारास ही गोष्ट कळली कशी? त्यानें ती कोणासाठीं लिहिली? आणि हें विधान त्याच्या सोयीचें आहे कीं गैरसोयीचें? तिसरा प्रश्न संबंध ग्रंथास एकदांच विचारून भागत नाहीं. तो वाक्यावाक्यास विचारावा लागतो. हें पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

३

सन १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराजांनीं जालनापूर लुटलें. औरंगाबादेस मोंगल शहाजादा असतां, त्या शहरापासून थोड्याच मजलांवर असलेली ही श्रीमंत पेठ मराठी फौजेनें मारली, यावरून स्वारीचें धाडस दिसून येतें. परततांना रणमस्तखानानें पाठीवर येऊन गांठलें. लढाई होऊन शिधोजी निंबाळकर पडले. आणि बहिरजी नाइकानें आडवाटेनें काढून महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोंचविलें. हा वृत्तांत सभासदाच्या बखरींत आहे.

कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या कारकीर्दींतील मनुष्य. त्यानें बखर लिहिली ती सन १६९७ च्या सुमारास जिंजी येथें, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून. पुत्रानें पित्याचें चरित्र मागितलें व जुन्या सेवकानें तें सांगितलें, असा हा प्रकार आहे. राज्य संकटांत होतें, जिंजीस मोंगलांचा वेढा होता. अशा वेळीं लिहिलेल्या चरित्रांत पराक्रमाचें तेज वाढविलेलें असावें, घटनांचा अनुक्रम मागेंपुढें झालेला असावा, हें स्वाभाविक आहे. आणि सभासदाच्या अनुक्रमावर आपण भिस्त ठेवीतहि नाहीं. परंतु जालनापूरच्या हकीकतींत तो काय सांगतो? नांवाजलेला सरदार पडला, आणि स्वामींस वाट काढून निघावें लागलें. हें लिहिल्यानें ना धन्याचें वैभव वाढत होतें, ना लिहिणाराचें. ज्या श्रोत्यास प्रसन्न करावयाचें त्याच्या पुढें हें गाळतां आलें असतें. तें गाळलें नाहीं, म्हणून सभासदाच्या इतर शंभर विधानांपेक्षां या विधानावर आमचा विश्वास अधिक बसतो.

आतां दुसऱ्या पक्षाची साक्ष. खाफीखान सांगतो कीं, जालन्याच्या बाहेर जान मुहंमद नांवाच्या साधूचें स्थान होतें. शिवाजी साधुसंतांच्या जागांस उपद्रव देत नाहीं हें ठाऊक असल्यामुळें शहरांतील धनवान लोकांनीं आपलें द्रव्य घेऊन तेथें आश्रय घेतला. लुटारूंनीं तेथें शिरून त्या लोकांस लुटलें व साधूचाहि अवमान केला. त्यानें शाप दिला, आणि पांच महिन्यांच्या आंत शिवाजी मरण पावला. महाराजांचा मृत्यु ३ एप्रिल १६८० रोजीं झाला. म्हणजे महिन्यांचा हिशेब जुळतो.

या कथेविषयीं आमच्याकडे दोन तऱ्हेचे वाचक आहेत. एक म्हणतो, खाफीखान द्वेष्टा. त्याचें सर्वच खोटें. दुसरा म्हणतो, फारसी तवारीखकारानें लिहिलें. तेव्हां सर्वच खरें. दोघेहि कथा वाचीत नाहींत. दोघे खाफीखानाचें नांव वाचतात. तीन प्रश्न लावून पाहूं. खाफीखानानें आपला ग्रंथ या स्वारीनंतर सुमारें पन्नास वर्षांनीं पुरा केला. कथेचे दोन भाग पडतात. पहिला भाग, स्थानांतील लोकांची लूट. ही गोष्ट पाहणारे लोक होते, ती तोंडोतोंडीं पुढें येणें शक्य होतें. दुसरा भाग, शापाचें फळ. हा भाग एप्रिल १६८० च्या पूर्वीं कोणासहि सांगतां येण्यासारखा नव्हता. मृत्यु झाल्यावर मागें पाहणाऱ्या मनुष्यानें दोन घटनांच्या मध्यें कारणाचा पूल बांधला. पूल मागाहून बांधलेला आहे, म्हणून त्याच्या दोन्ही तीरांस नाकारतां येत नाहीं. लूट झाली होती. मृत्यु झाला होता. शापानें मृत्यु झाला हें मात्र इतिहासाचें विधान नव्हे.

सभासद या स्थानाविषयीं बोलत नाहीं, मग कथेचा पहिला भागहि खोटा नव्हे काय, असें कोणी विचारील. परंतु जी गोष्ट धन्याच्या कीर्तीस कमीपणा आणणारी होती ती सभासदानें न सांगणें यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. ज्यास बोलावयाचें नव्हतें त्याच्या मौनाची साक्ष काढतां येत नाहीं. तशीच ती गोष्ट महाराजांच्या हुकुमानें झाली कीं लुटींत गुंतलेल्या शिपायांनीं आपण होऊन केली, हेंहि या साधनांवरून ठरत नाहीं. जेथें कागद थांबतो तेथें आपणहि थांबावें.

येथें एक अवघड गोष्ट बोलून दाखविणें प्राप्त आहे. याच खाफीखानानें लिहून ठेविलें आहे कीं, मशिदी, कुराण व स्त्रिया यांस उपद्रव देऊं नये असा शिवाजीचा कडक नियम होता. हें वाक्य आपण मराठी लेखक वारंवार पुढें करतों, आणि तें योग्यच आहे. शत्रूनें केलेली स्तुति ही त्याच्या गैरसोयीची साक्ष असल्यामुळें तिचें वजन मोठें. परंतु ज्या लेखणीची स्तुति घ्यावयाची तिनेंच सांगितलेला दोष, केवळ दोष आहे म्हणून, न तपासतां टाकून द्यावयाचा, हा न्याय नव्हे. शिवाय जालन्याच्या कथेंत तो नियम मोडल्याची तक्रार असली तरी त्या नियमाची साक्षहि आहेच. धनवान लोक त्या स्थानांत धांवले ते कां? तेथें आपणांस धक्का लागणार नाहीं अशी त्यांची खात्री होती म्हणून. शत्रूच्या मुलखांतील सावकारांस ज्या नियमाचा भरंवसा वाटत होता, तो नियम नुसता कागदावरचा नव्हता. नीट वाचल्यास प्रतिकूल कथाहि असें कांहीं देऊन जाते, जें अनुकूल स्तुतीनें दिलें नसतें.

४

दुसरें उदाहरण असईचें. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं ही लढाई झाली. तिच्याविषयीं वेलस्लीचे स्वतःचे निरनिराळ्या काळचे उद्गार उपलब्ध आहेत, आणि एकाच मनुष्याचा शब्द प्रसंगानुसार कसा बदलतो हें पाहण्यास तें उत्तम साधन आहे.

पहिला उद्गार लढाईच्या दुसऱ्या दिवशीं गव्हर्नर-जनरलास पाठविलेल्या वृत्तांतांतला. हा सरकारी कागद खरा, पण गव्हर्नर-जनरल हा वेलस्लीचा सख्खा वडील भाऊ होता, हें वाचतांना ध्यानांत ठेवावें. शत्रूच्या डाव्या बाजूच्या पलीकडे नदीस उतार होता, तेथून सैन्य पार झालें, एवढेंच त्यांत येतें. समोरासमोर दोन गांवें दिसलीं, वाटाडे उतार नाहीं म्हणत होते, पण दोन गांवांमध्यें जाण्यायेण्याची सोय असल्यावांचून तीं अशीं वसणार नाहींत असें आपण ताडलें, ही जी प्रसिद्ध गोष्ट, ती त्यानें पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाल्यावर बोलण्याच्या ओघांत सांगितली व दुसऱ्यानें टिपून ठेविली. ती खोटी मानण्याचें कारण नाहीं. परंतु कीर्तीच्या शिखरावरून मागें पाहून सांगितलेली गोष्ट, आणि रणांगणावरच्या छावणींतून लिहिलेला वृत्तांत, या दोहोंची किंमत सारखी धरतां येत नाहीं. आमचें ‘वारूर’ या गोष्टीच्या आधारेंच आमच्या वहींत शिरलें होतें.

तिसरा उद्गार आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. टॉमस मन्रो यानें या लढाईच्या योजनेविषयीं शंका घेतल्या होत्या. त्यांस वेलस्लीनें १ नोव्हेंबर १८०३ रोजीं उत्तर लिहिलें. त्यांत तो कबूल करतो कीं, शत्रूच्या तळाची जागा आपणांस चुकीची कळली होती. हरकाऱ्यांनीं ‘भोकरदन’ असें सांगितलें. वेलस्ली तें गांव समजला. वास्तविक तळ भोकरदन परगण्यांत पसरला होता; त्याची उजवी बाजू भोकरदन गांवापाशीं, तर डावी असईपाशीं होती. म्हणून ज्या शत्रूस दुसऱ्या दिवशीं कर्नल स्टीव्हन्सनसह गांठावयाचें, तो एकट्यासच आधीं समोर दिसला.

या कबुलीस तिसरा प्रश्न लावला तर ती गैरसोयीची साक्ष आहे. सेनापति आपली माहिती चुकली म्हणतो. पण थोडें अधिक पाहिलें तर ती सोयीचीहि आहे; दोष हरकाऱ्यांवर जातो, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहिल्याचा ठपका हलका होतो. म्हणजे आमची कसोटीहि आंधळेपणानें लावून चालत नाहीं. हरकाऱ्यांची बाजू कोणीं लिहून ठेविली नाहीं. आमच्या मतें ते चुकले नव्हते. आपल्याकडे परगण्याचें नांव व त्याच्या कसब्याचें नांव एकच असतें. ‘भोकरदनास आहेत’ या बोलण्याचा अर्थ ऐकणारानें विचारून घ्यावयाचा असतो. ज्यास हा व्यवहार ठाऊक नव्हता त्यानें नीट विचारलें नाहीं, आणि चुकीचें खापर सांगणारावर फुटलें.

याच वृत्तांतांतील आंकडे वाचतांनाहि एक भेद करावा. वेलस्लीच्या सैन्याची हानि ४२८ ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता अशी दिली जाते. हे आंकडे पलटणींच्या हजेरीवरून मोजलेले आहेत. शत्रूचें सैन्य किती होतें व त्याचे किती पडले, हे आंकडे अंदाजाचे आहेत. आणि शत्रु जितका मोठा तितका विजय मोठा, हें अंदाज करणारास ठाऊक असतें. एकाच पानावर छापले गेले म्हणून मोजलेला आंकडा व अंदाजाचा आंकडा एका तोलाचे होत नाहींत.

५

आतां पुन्हां वाटूरकडे येऊं. समजा, उद्यां त्या गांवच्या एखाद्या जुन्या वाड्यांत कागदांचा रुमाल निघाला. त्यांत कुळकर्ण्याच्या वसुलाच्या यादी असतील, एखादा महजर असेल, एखादी कैफियत असेल, पोथींचीं सुटीं पानें असतील. संग्राहकाचा हात प्रथम कैफियतीकडे जाईल, कारण तींत गोष्ट असते. आमची सूचना अशी कीं, हात प्रथम यादीकडे न्यावा. यादी लिहिणारास कोणाचें मन वळवावयाचें नव्हतें. त्यास फक्त रक्कम जुळवावयाची होती. यादींतील शेताचें, ओढ्याचें, बलुतेदाराचें नांव कैफियतींतील पराक्रमाहून अधिक भरंवशाचें असतें. मात्र यादीसहि तिचा स्वार्थ असतो. कर कमी बसावा म्हणून पड जमीन वाढलेली दिसते. तेवढें सोडून वाचावें.

दुसरी सूचना कालाविषयीं. जालनापूरच्या स्वारीचाच महिना घ्या. त्या वेळीं शालिवाहन शक १६०१, राज्याभिषेक शक ६, हिजरी सन १०९०, दक्षिणी फसली सन १०८९ आणि सुहूर सन १०८० चालूं होता. कागदावर नुसता १०८० हा आंकडा असून तो सुहूर न समजतां हिजरी समजला, तर स्वारी सन १६६९-७० त जाऊन पडेल. म्हणजे दहा वर्षांची चूक एका शब्दाच्या अभावीं होईल. शकांत ७८, सुहुरांत ५९९, फसलींत ५९० मिळविले म्हणजे स्थूल मानानें इसवी सन येतो. परंतु प्रत्येक वर्षाचा आरंभ निराळा असल्यामुळें महिना पाहिल्यावांचून सन कायम करूं नये.

तिसरी सूचना स्थळाविषयीं. वाटूर आज जालना जिल्ह्यांत आहे म्हणून त्याचे जुने कागद ‘जालना’ या नांवाखालीं शोधणें व्यर्थ होय. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत होता, आणि सन १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. तेव्हां सरकारी कागद फारसींत अथवा उर्दूंत, फसली सनाचे आणि परभणीच्या दप्तरांतले असावयाचे. मोडी कागदांत शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं व ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. म्हणून ग्रामनामाचा निर्णय केवळ अक्षरावरून न करितां शेजारच्या गांवांवरून, नदीनाल्यांवरून व परगण्यावरून करावा. हें आम्ही अनुभवानें सांगत आहों; ‘वारूर’ च्या वेळीं शेजारचें पिंपळगांव आम्हीं पाहिलें असतें तर तेथेंच शहाणे झालों असतों.

चौथी सूचना संग्राहकांनीं विशेष मनावर घ्यावी. रुमाल सोडण्यापूर्वीं कागद कोणत्या क्रमानें बांधलेले होते तें टिपून ठेवावें. कोणत्या कागदाशेजारीं कोणता कागद होता, यावरून पुष्कळदां कागद कशासाठीं जपला तें कळतें. आणि कशासाठीं जपला तें कळलें म्हणजे तो कशासाठीं लिहिला याचा माग लागतो. सुंदर शिक्क्याचें पत्र तेवढें काढून घेऊन बाकीचा रुमाल रद्दींत जाऊं देणें म्हणजे साक्षीदार ठेवून त्याचें गांव, नातें व वैर पुसून टाकणें होय. नक्कल करितांना अशुद्ध शुद्ध करूं नये, फाटलेल्या जागीं आपला शब्द भरूं नये, आणि जेथें वाचन संशयित आहे तेथें प्रश्नचिन्ह अवश्य घालावें.

तें प्रश्नचिन्ह पुढें पुसलें जाणार नाहीं याची काळजी घेणें हें सर्वांत कठीण काम आहे. आमच्या त्या टिपणवहींत ‘वारूर म्हणजे वाटूर काय?’ ही ओळ आम्हीं अद्याप खोडलेली नाहीं. तिच्याखालीं ‘नव्हे, पिंपळगांव पाहा’ एवढेंच लिहून ठेविलें आहे. वाटूरचा खरा इतिहास जेव्हां कधीं निघेल तेव्हां तो वाटूरच्याच कागदांतून निघेल. दुसऱ्या गांवच्या लढाईंतून तो उसना आणण्याची गरज त्या गांवास नाहीं. तेथील जुन्या घरांतून असे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते उन्हा-पावसापासून व वाळवीपासून जपावे आणि त्यांच्या नकला अभ्यासकांस मिळूं द्याव्या, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.